काळ्या पडद्यातलं घर

डोळे गेल्यापासून लोक मला दोनच गोष्टी देतात, सल्ला आणि हात. सल्ला या कानानं ऐकून त्या कानानं सोडता येतो. हाताचं काय करणार? रस्त्याच्या कडेला नुसती उभी असले तरी कुणीतरी येतं, न विचारता दंड धरतं आणि मला पलीकडे नेऊन ठेवतं. अहो, मला जायचंच नव्हतं पलीकडे! मी बसची वाट बघत होते. हो, बघतच होते. डोळे गेले म्हणून काय आता भाषाही सोडून देऊ?

मी टॅक्सी कंपनीत फोनवर बसते. दिसत होतं तेव्हाही हेच काम करत होते. ड्रायव्हर विचारतो, "ताई, पुढे कुठून वळू?" मी सांगते, "पेट्रोल पंप सोड, दुसरं वळण घे, आणि गिऱ्हाइकाशी वाद घालू नकोस." अख्ख्या शहराला मी रस्ता सांगते. घरी आले की मला सगळे बाथरूमचा रस्ता सांगतात.

घर म्हणजे धाकट्या भावाचं. लग्न मी केलं नाही. कुणाचं ऐकून घ्यायचा माझा स्वभाव नाही, हे सुदैवानं मला वेळेवर कळलं. दिसेनासं व्हायला लागलं तसा भाऊ येऊन मला सामानासकट घेऊन गेला. चांगला आहे हो तो. चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. भाऊ जगाला चष्मे देतो आणि बहीण ही अशी. देवालाही कधीकधी विनोद सुचतो. लहानपणापासून आम्ही त्याला खटपट्या म्हणतो. घड्याळ उघड, रेडिओ उघड, आणि परत जोडला की एक स्क्रू हातात उरलेला. पुढे त्याला कॉम्प्युटर मिळाला आणि स्क्रू उरायचे थांबले. तेव्हापासून तो गेम बनवतो.

विकायला नाही बरं का, नुसती हौस. कामावरून आला, हातपाय धुतले, की खोलीतून टकटक सुरू. एकदा त्यानं न्हाणीघरात अडकलेल्या कोळ्याचा गेम केला. एकदा लिफ्टचा केला, त्यात लिफ्टलाच उंचीची भीती वाटते. गेम झाला की इंटरनेटवर फुकट ठेवून द्यायचा. त्याला तो रिलीज म्हणतो. रिलीजच्या दिवशी त्याच्याकडे बघवत नाही. बटण दाबायचं आणि मग पडद्याला डोळे लावून बसायचं, कुणी खेळलं का, कुणी दोन शब्द लिहिले का. "लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढा घाम फुटला नव्हता तुला," भावजय म्हणते. खेळणारे बोटांवर मोजण्याइतके. त्यातली एक मी. दिसत होतं तोवर त्याचा कोळी मीच भिंतीवर चढवला.

तर यंदा माझ्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर एक लहानशी जागा भाड्यानं मिळत होती. आमच्याच एका ड्रायव्हरनं सांगितलं. एक खोली, स्वयंपाकघर, बाथरूम, मधून पॅसेज. जेवताना मी जाहीर केलं, "मी वेगळी राहणार."

भावजयीचा चमचा ताटात पडला. ती सकाळच्या शाळेत गणित शिकवते, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचं उत्तर आल्याशिवाय तिला चैन पडत नाही. "ताई, गॅस असतो. उंबरे असतात. पाणी सांडतं, पाय घसरतो. इथे तुम्हाला काय कमी आहे?"

"कमी काही नाही. जास्तच आहे. काल मी नुसतं कपाट उघडलं तर तिघं धावलात."

"आम्ही दोघंच आहोत."

"आवाज तिघांचा होता."

खटपट्या हसला आणि त्याचं हसणं त्याला महागात पडलं. पुढचे कितीतरी दिवस घरात हाच विषय. मी हटेना, ती हटेना. आणि खरं सांगते, तिचा राग येत असला तरी मला भीतीही वाटत होती. ती म्हणत होती त्यातलं काहीच खोटं नव्हतं. पण डोळ्यांपाठोपाठ दारही आपलं नाही, कडीही आपली नाही, हे काही माझ्या घशाखाली उतरेना. एक दिवस, दुसऱ्याच्या घरात, मला कपाटही उघडता येणार नाही. ते मला दिसत होतं, आणि तेवढं बघायला डोळे लागत नाहीत.

शेवटी तिनं अट घातली. "ठीक आहे. पहिल्या दिवशी तुम्ही दारातून एकट्या आत जायचं. कुणी हात लावणार नाही, कुणी बोलणार नाही. चहा करायचा आणि आम्हा दोघांना खिडकीच्या खोलीत आणून द्यायचा. जमलं तर किल्ली तुमची. धडपडलात तर निमूटपणे परत यायचं आणि हा विषय संपला."

"कबूल," मी म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तुम्ही म्हणाल, आधी दोन-चारदा जाऊन जागा पायाखालून घालायची. पण जुने भाडेकरू पुढच्या महिनाअखेरपर्यंत तिथेच होते. आणि लोकांच्या घरात, कुणाच्या तरी दंडाला धरून, ही भिंत, हा कोपरा, असं फिरायचं? त्यापेक्षा मी बसस्टॉपवर राहीन.

"ताई," खटपट्या म्हणाला, "मी तुला ते घर आणून देतो."

"कशात? पिशवीत?"

"कानात."

तो भाडेकरूंची परवानगी काढून एका सकाळी तिथे गेला. मोजपट्टी घेऊन खोल्या मोजल्या. रेकॉर्डर घेऊन फ्रिजची घरघर टिपली, नळ, भिंतीवरचं घड्याळ, दारांची करकर, खिडकीबाहेरचा रस्ता, सगळं टिपलं. फ्रिज, गॅस, घड्याळ आणि खिडकीजवळची खुर्ची घरमालकाचीच, ती तिथेच राहणार होती. मग म्हणे हा भिंतींपाशी उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि बूट घालून, बूट काढून, फरशीवरून चालत होता. भाडेकरूबाईंनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?" वेडाच वाटला असणार.

"मला तोंडानं काही सांगायचं नाही," मी त्याला आधीच बजावलं होतं. "फ्रिज इकडे, नळ तिकडे, असं एक अक्षर काढलंस तर थोबाडीत खाशील. दिवसभर तेच ऐकते मी. माझं घर मी शोधणार."

"तोच तर गेम असतो, ताई," तो म्हणाला.

मग त्यानं माझा आवाज भरून घेतला. खेळणारा भिंतीला धडकला की काहीतरी ऐकू यायला हवं होतं. मी म्हटलं, "मेल्या, डोळे फुटले का?" त्याला ते इतकं आवडलं की त्यानं मला आणखी दहा प्रकारे ओरडायला लावलं. त्या दिवशी मी मनसोक्त शिव्या दिल्या आणि त्यानं वर मला शाबासकी दिली.

एका रविवारी त्यानं मला खुर्चीत बसवलं. माझे हेडफोन मी स्वतः डोक्यावर चढवले. डाव्या कानाच्या बाजूला मी नखाच्या रंगाचा थेंब वाळवून ठेवलाय, बोटाला लागतो. बटणं दोनच. एकानं पाऊल पुढे पडायचं, दुसऱ्यानं आपण जागच्या जागी वळायचं.

"हा पडदा बिघडलाय का रे?" भावजय मागून म्हणाली. "सगळं काळंच दिसतंय."

"नाही," तो म्हणाला. "ताईला जेवढं दिसतं तेवढंच सगळ्यांना दिसणार."

सुरुवातीला काहीच नव्हतं. मग कळलं की काहीच नाही असं नाही. अरुंद जागेत उभं राहिलं की कानांवर दोन्ही बाजूंनी एक हलका दाब येतो, तो होता. मी पाऊल टाकलं. फरशी वाजली. तो आवाज पुढे गेला, कुठेतरी टेकला आणि परत आला. डावीकडे, थोडा पुढे, फ्रिज घरघरला. त्याच्या पलीकडे नळाचा एक थेंब. खूप पुढे, समोर, खिडकी, आणि खिडकीबाहेरून एक स्कूटर या कानातून त्या कानात निघून गेली. मी वळायचं बटण दाबलं आणि अख्खं घर माझ्याभोवती फिरलं. फ्रिजसकट, नळासकट, रस्त्यासकट! माझा हात आपोआप वर गेला, भिंत चाचपायला. हाताला हवा लागली.

डोळे गेले की पहिल्यांदा काय जातं, माहीत आहे? लोकांना वाटतं रंग. रंग आठवतात हो. जातं ते लांब. हात पोचतो तेवढंच जग उरतं, त्याच्या पुढचं सगळं कुणीतरी सांगितलेलं. आणि इथे या पोरानं, कोळी आणि लिफ्टा करणाऱ्या माझ्या धाकट्या भावानं, मला लांब परत आणून दिलं होतं. समोरची खिडकी लांब होती. खरोखर लांब होती. मी तिच्यापर्यंत चालत गेले, वाटेत दोनदा स्वतःच्याच शिव्या खाल्ल्या, आणि खुर्चीत बसल्याचा आवाज आला तेव्हा मी रडले. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

"कसं वाटलं?" खटपट्यानं विचारलं. त्याचा आवाजही धड नव्हता.

"दुसरी शिवी जरा मोठ्यानं येऊ दे," मी म्हटलं.

मी रोज माझ्या घरी जायला लागले. कामावर जायच्या आधी चहा करून बघायचा, आल्यावर पुन्हा. स्वयंपाकघर डाव्या हाताला, आत गेलं की उजव्या भिंतीला नळ, नळाकडे तोंड केलं की डावीकडे गॅस. पाय जागचे हलत नव्हते तरी पायांना ते पाठ होत चाललं होतं. गॅस पेटल्यावर जो भप्प आवाज यायचा त्याला मी अजून दचकत होते, तेवढंच.

आणि मग खटपट्यानं तो रिलीज केला. मला विचारून. मी म्हटलं, "ठेव की. माझ्या घरात चोरण्यासारखं आहे काय?"

पहिले दोन दिवस नेहमीचेच दोघंतिघं. तिसऱ्या दिवशी तो जेवता जेवता उठून पडद्यापाशी गेला आणि तिकडूनच ओरडला. लोक येत होते. कुठून कुठून येत होते, देव जाणे! ज्यांना दिसत नाही त्यांनी एकमेकांना सांगितलं असावं आणि ज्यांना दिसतं ते कुतूहलानं येत असावेत. तो मला वाचून दाखवायचा, परक्या भाषेतलं असेल तर अर्थ सांगायचा. कुणी एक पाव भाजणारा होता, तो कामावरून आला की माझ्या घरात जाऊन नुसता खुर्चीत बसायचा. एका बाईनं लिहिलं होतं की ती वर्षभर अंथरुणावर आहे, आणि आज बऱ्याच दिवसांनी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. एकाला दिसत होतं, तरी त्यानं लिहिलं, "मी डोळे मिटून माझ्या खऱ्या घरात फिरून पाहिलं. माझा फ्रिज रडतो, हे मला माहीतच नव्हतं." आणि कुणीतरी अगदी आदरानं विचारलं होतं, ही बाई भिंतीला धडकल्यावर जी प्रार्थना म्हणते, तिचा अर्थ काय?

"सांग त्याला," मी म्हटलं. "म्हणावं, देवाचं नाव घेते."

हसले खरी, पण अंगावर काटा आला होता. मी अजून त्या दारातून आत पाऊल टाकलं नव्हतं, आणि कुठली कुठली माणसं तिथे बसून उठून गेली होती. माझ्या खिडकीतून त्यांनी माझा रस्ता ऐकला. एवढं मोठं जग, आणि त्याला बसायला माझी एक खुर्ची पुरली. कितीतरी दिवस मी फोनवर पत्ते सांगता सांगता मध्येच गप्प व्हायचे आणि ड्रायव्हर विचारायचे, "ताई, आहात ना?"

भावजय या सगळ्यात एक शब्द बोलायची नाही. वाचन सुरू झालं की उठून भांडी आवरायला लागायची. अट तिनं मागे घेतली नव्हती.

महिनाअखेर झाली, भाडेकरू गेले, आणि एका दुपारी आम्ही तिघं त्या दारापाशी उभे राहिलो. चहाचं सामान आणि दोन भांडी खटपट्यानं सकाळीच आत नेऊन ठेवली होती. किल्ली माझ्या हातात होती. काठी मी घडी घालून पर्समध्ये टाकली. स्वतःच्या घरात काठी कोण वापरतं?

दार उघडलं, पाऊल आत टाकलं. फरशी वाजली. तीच! अगदी तीच! पॅसेजचा तोच हलका दाब दोन्ही कानांवर, समोर लांब तीच खिडकी. मला हसू फुटलं. तेवढ्यात फ्रिज घरघरला.

तो उजवीकडे होता.

मी थांबले. पुन्हा ऐकलं. उजवीकडेच. नळाचा थेंब, तोही उजवीकडे. रस्ता समोर, जिथे असायला हवा तिथे, पण बाजू उलट्या झालेल्या. आधी वाटलं, डोकं फिरलं माझं. मग वाटलं, आता हे सांगणार कसं? म्हणू, घर उलटं आहे? नाचता येईना, अंगण वाकडं! भावजय शांतपणे माझ्या हातातली किल्ली घेईल आणि मी उरलेलं आयुष्य कपाट उघडण्याआधी खाकरत राहीन. तरी बोलायलाच हवं होतं म्हणून मी त्या दोघांकडे वळले, घराकडे पाठ केली.

आणि फ्रिज डाव्या कानात आला.

डावीकडे फ्रिज. डावीकडे नळ. डावा हात पसरला तर भिंत, आणि त्या भिंतीत पुढे कुठे दार आहे ते माझ्या हाताला माहीत होतं. मी तोंडातून शब्द काढला नाही. तशीच पाठमोरी, एक एक पाऊल मागे टाकत, मी माझ्या घरात शिरायला लागले.

"ताई, हे काय चाललंय?" खटपट्या म्हणाला.

"बोलायचं नाही ठरलंय," भावजय म्हणाली.

उलट्या पायांचं भूत म्हणतात ना, तशी मी चालले होते. पण पाय चुकत नव्हते. डावा हात स्वयंपाकघराच्या चौकटीला लागला, जिथे लागायला हवा होता बरोबर तिथेच. मी पाठमोरीच आत वळले. उजव्या हाताला ओट्याची कड लागली, मग नळ, गार आणि ओला. मला ओरडावंसं वाटलं. ज्या जागी मी जन्मात कधी आले नव्हते तिथलं सगळं मला येत होतं, फक्त मागच्या बाजूनं!

ओट्यापाशी मात्र तोंड फिरवावंच लागलं. पाठीमागे हात नेऊन कुणी गॅस पेटवत नाही. नळाकडे तोंड केलं, भांडं भरलं, आणि सवयीनं डावीकडे ठेवायला गेले. डावीकडे गॅस नव्हता. तिथे दुसरं भांडं होतं. ते झाकणासकट खाली गेलं, आणि झाकण फिरत फिरत इतका वेळ वाजत राहिलं की मला वाटलं हे आता थांबणारच नाही.

ते थांबलं तशी मी सगळं सांगून टाकलं. "घर उलटं आहे. गेममध्ये फ्रिज डावीकडे होता. इथे सगळं उजवीकडे आहे."

"अगं, फ्रिज मी उजवीकडेच ठेवलाय," खटपट्या म्हणाला. "प्रत्येक आवाज कानानं तपासून ठेवलाय. उजव्या कानात आला की मगच..." आणि तो थांबला. मग कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. "ताई, मी हेडफोन उलटे घालतो."

खटपट्या डावखुरा आहे. त्याच्या हेडफोनची वायर डाव्या कानापासून निघते, ती माउस धरलेल्या हाताच्या मध्ये येते, म्हणून तो वर्षानुवर्षं ते उलटे घालत आलाय. कोळ्याला त्यानं काही फरक पडला नाही, लिफ्टलाही नाही. त्याच्या उजव्या कानात जे आलं ते माझ्या डाव्या कानात गेलं, आणि पाव भाजणाऱ्याच्या, आणि त्या अंथरुणावरच्या बाईच्या. सगळे आरशातल्या घरात बसले होते. तो पुढे ते सरळ करायला निघाला तर लोक भांडायला उठले, आमचं घर का हलवता म्हणून. ते अजून तसंच आहे.

पण ते नंतरचं. तेव्हा तो रडकुंडीला आला होता. "चल ताई, घरी चल. मी सगळं नीट करतो. मग परत येऊ. माझीच चूक आहे, तुझी नाही."

चूक कुणाची का असेना, अट अट होती. भांडं पडलं होतं. मी किल्ली पुढे केली. "घे गं," मी भावजयीला म्हटलं. माझा चेहरा तिला दिसत होता आणि मला तिचा दिसत नव्हता, याचा मला संताप आला.

तिनं किल्ली घेतली नाही. तिची पावलं दाराकडे गेली. मग तिथून पुन्हा आत पावलं, सावकाश, चाचपडत. मग धाड! पॅसेजमध्ये काहीतरी आदळलं.

"आई गं!" भावजय कळवळली. "खरंच उलटं आहे हो! मी सरळ बाथरूमच्या दारावर गेले!"

"डोळे मिटून चाललीस?" मी विचारलं. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "पण किती पावलांवर वळायचं ते तुला काय माहीत?"

तिनं बाथरूमचं दार उगाच उघडलं आणि लावलं.

"काय गं?"

"खेळते मी," ती म्हणाली. "रोज दुपारी. शाळेतून आले की तुम्ही दोघं कामावर असता तेव्हा."

"तू?" खटपट्या म्हणाला.

"मग काय करू? माझ्या जिवाला घोर. ताई कुठे पडतील ती जागा मला शोधायची होती. सापडली असती की म्हटलं असतं, हे बघा, इथे. प्रत्येक कोपऱ्यात जाऊन धडकले. तुमच्या सगळ्या शिव्या पाठ झाल्या माझ्या, ताई. जागा काही सापडली नाही." तिनं नाक ओढलं. "आणि एवढं करून आत्ता पहिल्याच दारावर डोकं आपटलं. तुम्ही ओट्यापर्यंत गेलात. पाणी भरलंत. भांडं पडलं, तुम्ही नाही पडलात. अट तुमच्या पडण्याची होती, भांड्याच्या नाही."

गणिताची बाई. सगळ्या जगातली माणसं माझ्या घरी येऊन गेली याचं मला केवढं अप्रूप! आणि जी रोज दुपारी अंधारात माझ्यासाठी भिंतींना धडकत होती, ती माझ्याच शेजारी भांडी आवरत होती.

"पण रोज अशा पाठमोऱ्या चालणार का?" ती म्हणाली. "शेजारीपाजारी भूत समजून घरं सोडतील. सरळ चालून दाखवा."

मी दारापाशी परत गेले. उभी राहिले. घर मनात धरलं आणि ते उलटवायला लागले. आधी फ्रिज एकटा उचलून उजवीकडे ठेवायला गेले तर नळ मागे राहिला. नळ आणला तर गॅस हरवला. मग मी सगळं सोडून दिलं आणि नुसती ऐकत राहिले. आणि काय सांगू! धुतलेल्या सदऱ्याची उलटी बाही आत हात घालून ओढली की एका झटक्यात सुलटी होते ना, तसं झालं. तुकड्यातुकड्यानं नाही, अख्खं घर एकदम उलटलं. फ्रिज, घड्याळ, नळ, गॅस, सगळं माझ्या डोक्यातून या बाजूचं त्या बाजूला गेलं आणि आपापल्या जागी जाऊन बसलं, आणि मला त्याचा वारा लागल्यासारखा वाटला. एवढी मोठी वस्तू माझ्या एवढ्याशा डोक्यात फिरली कशी? मला अजून कळलेलं नाही. मी तिथेच तोंडाचा आ वासून उभी होते.

मग चालले, सरळ तोंडानं. उजवा हात चौकटीला. आत. डावीकडे नळ. भांडं घेतलं, पाणी घेतलं, उजवीकडे ठेवलं. लायटर टक, टक, भप्प. दचकले नाही. पाणी कुरकुरायला लागलं. चहा टाकला, साखर टाकली, वासावरून रंग ओळखला.

"कप कुठे ठेवलेत रे?" मी विचारलं.

उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. घरात कुणी नव्हतं. ती दोघं पाय न वाजवता बाहेर गेली होती आणि दार लोटून घेतलं होतं. मी माझ्या घरात एकटी होते. फ्रिज होता, थेंब होता, रस्ता होता, आणि चहा उकळत होता. किती वर्षांनी माझ्यावर कुणाचीच नजर नव्हती. मी गॅस बारीक केला आणि ओट्याला धरून ऐकत उभी राहिले.

तेवढ्यात एक आवाज आला, मोठा, जुनाट, खरखरीत. मी तो कधी ऐकलाच नव्हता. गेममध्ये नव्हता तो, खटपट्या टिपायचा विसरला असणार. दाराची घंटा होती. माझ्या दाराची.

"कोण आहे?" मी ओरडले.

"पाहुणे," भावजय बाहेरून म्हणाली. "घरी आहात का?"

"आहे, आहे," मी म्हटलं. पदराला हात पुसले आणि दार उघडायला गेले.